गच्चीवरचं समुद्राचं शेवाळ

नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा शेजारणी विचारायच्या, "तुमी कॉलेजात काय शिकवता वं?" मी सांगायची, "शिकवत नाही. शेवाळ पोसते." त्यावर त्या जरा थांबायच्या आणि भाजीचा विषय काढायच्या. एकीनं मात्र मनापासून सांगितलं, "आमच्या टाकीत लय हाये. घेऊन जा ना बाई, टाकी तरी साफ होईन."

तिला कसं सांगू, की मी पोसत होते ते टाकीतलं नव्हतं, समुद्रातलं होतं. आणि तेही नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही असं. एकेका थेंबात हजारो जीव, प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी. पाण्यात ते पुरेसे वाढले की पाणी पातळ मुगाच्या कढणासारखं हिरवट दिसतं, एवढीच त्यांची खूण. समुद्रातली सगळी मासळी शेवटी यांच्यावर जगते. जमिनीवर जसं गवत, तसं समुद्रात हे.

समुद्राचं गवत नागपुरात आलं ते आमच्या परुळेकर सरांमुळे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. साठच्या दशकात नोकरीसाठी इकडे आले आणि येताना ट्रंकेत चार बाटल्या घेऊन आले. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक हसायचे. समुद्र एका टोकाला आणि तुम्ही देशाच्या मध्यावर, हे काय खूळ? सर म्हणायचे, "समुद्राचं पाणी रेल्वेनं येतं हो. तुमचं मे महिन्याचं ऊन मी वेंगुर्ल्याला कसं नेऊ?" सूर्याच्या उन्हानं या जिवांचं काय होतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यासाठी नागपूरइतकी सोयीची जागा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. दुपारी बारा वाजता बाहेर निघणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला ते पटावं.

मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा मॅट्रिक झालेली होते, लग्न झालेलं होतं. छप्पन साली बाबांच्या खांद्यावर बसून मी धम्मदीक्षेच्या गर्दीत गेले होते. "आता शिकाचं," एवढंच बाबा घरी परतताना बोलले, असं आई सांगायची. कॉलेजची नोकरी लागली त्या दिवशी ते सायकलवरून पेढे घेऊन आले आणि मला विचारलं, "काम काय हाये?" मी म्हटलं, "काचेची भांडी धुवायची." त्यांचा चेहरा उतरला. मलाही तेव्हा वाटलं, की एवढं शिकून भांडीच घासायची! हा गैरसमज जायला मला वर्षभर लागलं.

आमच्या कामात सगळं त्या धुण्यावर असतं. बाटलीला साबणाचा अंश राहिला तर शेवाळ मरतं. आम्लाचा राहिला तरी मरतं. म्हणून आधी आम्ल, मग नळाचं पाणी सात वेळा, मग ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं, पाणी तीन वेळा. नंतर कापसाचं बूच, नंतर वाफेच्या दाबात उकळणं. एवढं झाल्यावर जुन्या बाटलीतले चार थेंब नव्या बाटलीत घालायचे, दिव्याच्या ज्योतीजवळ धरून, की हवेतलं दुसरं काही आत शिरू नये. दर पंधरा दिवसांनी हे करायचंच. शेजारच्या बायकांना मी सांगायची, हे विरजण आहे. कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं. एकदा खंड पडला की मुळातलंच गेलं.

समुद्राचं पाणी मुंबईहून मोठ्या काचेच्या बरण्यांत, पेंढा भरलेल्या पिंजऱ्यांतून रेल्वेनं यायचं. ते सोडवायला एकदा मी एकटीच स्टेशनवर गेले. पार्सल ऑफिसात नवे बाबू होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठी वाचली.

"पानी?"

"हो."

"मुंबईवरून?"

"हो."

"काहून? नागपूरले पानी नाही का?"

"समुद्राचं आहे, भाऊ. कॉलेजात लागतं."

त्यांनी आवाज खाली केला. "बाई, खरं सांगा. दारू तं नाही ना? तुमी चांगल्या घरच्या दिसता."

मी म्हटलं, उघडून बघा. त्यांनी खरंच एका बरणीचं बूच काढलं, हातावर थेंबभर घेतलं, शेजारच्या हमालाला साक्षीला बोलावलं आणि चाखलं. त्यांचं तोंड असं झालं की हमाल बरणीला टेकून हसू लागला. मग मात्र बाबूंचा सूरच बदलला. त्यांनी अजून एक थेंब बोटावर घेतला, जपून जिभेला लावला आणि म्हणाले, "म्हंजे हा समुद्र." आतल्या टेबलावरच्या सगळ्यांना त्यांनी हाका मारल्या. त्या दिवशी नागपूरच्या पार्सल ऑफिसात सहा जणांनी समुद्र चाखला. पुढे दर खेपेला ते बाबू माझ्या बरण्या सावलीत ठेवायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मंदा राऊत आमच्याकडे संशोधनाला आली. काटोलकडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. एम.एस्सी.ला पहिली आलेली. बारीक अंगाची, बोलायला घाई. मला पहिल्याच दिवशी "ताई" म्हणाली आणि माझ्या बाजूला उभी राहून बाटल्या धुवायला लागली. प्राध्यापक होऊ घातलेलं माणूस माझ्यासोबत आम्लात हात घालतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिचा प्रश्न मला तिनंच समजावला. उन्हात डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडे, जांभळ्याच्याही पुढे, एक भाग असतो: अतिनील किरण. तो दिसत नाही. पण त्यानंच कातडी काळवंडते, वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग उडतो. समुद्रावर तो पडतोच. या नाजूक जिवांना उजेड तर हवाच, त्यावरच ते जगतात. मग त्याच उजेडासोबत येणारा हा जहाल भाग ते सोसतात कसा? अडचण अशी, की साधी काच त्यातला सगळ्यात जहाल भाग अडवून धरते. म्हणजे काचेच्या बाटलीतल्या शेवाळाला आपण गाळलेलं ऊन देतो. त्यासाठी स्फटिकाच्या नळ्या लागतात. दिसायला काचेसारख्याच, पण त्यांतून सगळं ऊन आत जातं. सरांनी किती अर्ज केले असतील तेव्हा कुठे बारा नळ्या आल्या. मी त्या धुताना हातातल्या बांगड्या काढून ठेवायची. बाराच्या बारा मी शेवटपर्यंत शाबूत ठेवल्या, हे इथं लिहून ठेवते, कारण कुठल्याही प्रबंधात ते लिहिलेलं नाही.

अतिनील किरण म्हणजे काय, हे मात्र मला मंदानं शिकवलं त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी शिकवलं. पावसाळ्यात ऊन नसे, म्हणून सरांनी एक दिवा मागवला होता. तो लावला की मिणमिणता निळसर दिसे. चष्मा घाला, असं सरांनी बजावलं होतं. मला वाटलं, एवढ्याशा उजेडाला काय चष्मा? दुपारभर मी तो पेटलेला असताना शेजारी फडकं मारत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापणीखाली वाळू भरल्यासारखं, पाणी थांबेना.

माझे यजमान कोराडीच्या वीजकेंद्रात वेल्डर. त्यांनी माझी पापणी वर करून पाहिली आणि चक्क हसले.

"अवं, तुले तं आर्क लागली! कोनाच्या वेल्डिंगकडे पाहत बसली होती?"

"वेल्डिंग नाही, सरांचा दिवा."

"मंग तो दिवा आमचाच भाऊ हाये." त्यांनी थंड दुधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या माझ्या डोळ्यांवर ठेवल्या. "दोन दिवसानं उतरते. आमच्यातल्या एकेकाले चार-चार डाव लागली."

दोन दिवसांनी खरंच उतरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचा जुना वेल्डिंगचा काळा चष्मा माझ्या डब्याच्या पिशवीत घालून दिला. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आपल्या चष्म्यापेक्षा हा बरा आहे. तुमच्या मालकांना सांगा, आम्ही आभारी आहोत." घरी हे सांगितलं तर यजमान आठ दिवस कॉलनीत सांगत फिरले, की आपण आता कॉलेजचे सल्लागार आहोत.

आता त्या उन्हाळ्याची गोष्ट.

मंदाच्या वडिलांनी तिला मुदत घातली होती. राऊतकाका वाईट माणूस नव्हते. पण एक चांगलं स्थळ आलेलं होतं, आणि पोरगी तीन वर्षं बाटल्यांत काय पाहत असते हे त्यांना उमगत नव्हतं. "या उन्हाळ्यात काही निंगालं तं निंगालं. नाही तं बस झालं," असं त्यांनी सांगितलं होतं. आणि निघत काही नव्हतं. मंदानं कॉलेजच्या गच्चीवर नळ्या मांडल्या, मोजल्या, पुन्हा मांडल्या. स्फटिकाच्या नळीतले जीव दुपारपर्यंत पोहायचे थांबायचे आणि तळाला बसायचे. काचेच्या नळीतले पोहत राहायचे. म्हणजे जहाल किरण मारतात. हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. एक गोष्ट तेवढी चांगली दिसली होती: तळाला बसलेले जीव सावलीतल्या मंद उजेडात ठेवले तर दुसऱ्या दिवशी बरेचसे पुन्हा पोहायला लागत, आणि मिट्ट अंधारात ठेवले तर फार थोडे उठत. मंदा यावर खूश झाली होती. पण सरांनी पुस्तक काढून दाखवलं, हेही दुसऱ्या जिवांत आधी सापडलेलं आहे. ती त्या दिवशी डबा न खाता बसली.

मेमध्ये मंदा भावाच्या लग्नाला काटोलला गेली. सर वेंगुर्ल्याला. जाताना मंदानं गच्चीवर काचेचे चार मोठे चंबू ठेवले होते. त्यांत आमचं सगळ्यात काटक शेवाळ, दोन शेपट्यांनी पोहणारं, खाऱ्या पाण्यातलं. चंबू पत्र्याच्या ट्रेमध्ये, भोवती ओलं गोणपाट. मला दोन कामं सांगितली होती. गोणपाट ओलं ठेवायचं, आणि चंबूतलं पाणी वाफ होऊन जेवढं कमी होईल तेवढं ऊर्ध्वपातित पाणी रोज भरायचं, म्हणजे मीठ दाट होणार नाही.

पहिलं काम मी केलं. दुसरं झालं नाही. त्या आठवड्यात नळाला अर्धा तासच पाणी येत होतं, आणि ऊर्ध्वपातनाच्या यंत्राला वाफ थंड करायला पाण्याची धार सतत लागते. यंत्र बंद. माझ्याकडे राहिलेल्या दोन बाटल्या मी आतल्या खोलीसाठी राखून ठेवल्या. आत वातानुकूलित खोलीत आमचं मूळ विरजण होतं, सगळ्या जातींचं. गच्चीवरचे चार चंबू गेले तरी चालेल, आत काही होता कामा नये, असा माझा हिशोब.

शनिवारी मी कुलूप लावून गेले. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. वातानुकूलन यंत्र शनिवारीच कधीतरी बंद पडलं असावं. आतले ट्यूबलाइट मात्र दोन दिवस चालू, खिडक्या बंद. फळीवरच्या बाटल्यांमध्ये तळाला तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी. मी एकेक बूच काढत गेले. मेलेल्या शेवाळाला एक वास येतो, नासलेल्या फुलकोबीसारखा. एकदा ओळखला की विसरत नाही. प्रत्येक बाटलीला तो होता. हिरवी, तपकिरी, सरांनी वेंगुर्ल्याहून आणलेली, सगळी.

मी स्टुलावर बसले. रडले नाही, पण माझ्या माहेरचं कुणी गेलं असतं तर मी अशीच बसले असते.

मग गच्चीवर गेले. तिथं चंबूतलं पाणी निम्म्यावर आलेलं, काठाला मिठाची पांढरी कड, आणि पाण्याचा रंग नारिंगी. हिरव्याचा मागमूस नाही. म्हणजे हेही गेलं.

मंदा मंगळवारी आली, सर बुधवारी. मंदा आधीच रडून बसली होती. सरांनी आतल्या बाटल्या पाहिल्या. वर येऊन चंबू पाहिले. उन्हात उभ्या उभ्या म्हणाले, "हेही जळालं. ओतून टाका, बाई. नव्यानं कुणाकडून तरी मागवावं लागेल." आणि खाली गेले. त्यांची पाठ त्या दिवशी मला म्हाताऱ्या माणसाची दिसली.

मी पहिला चंबू मोरीजवळ नेला. कापसाचं बूच काढलं, आणि सवयीनं आधी नाकाशी धरला. इतक्या वर्षांची सवय. ओतण्याआधी वास.

फुलकोबीचा वास नव्हता. कसलाच कुजका वास नव्हता. नुसतं ओलं मीठ.

मी दुसऱ्या चंबूचा घेतला. तोच. मग मी ते केलं जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि मंदाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोजणी करायला तिनंच मला शिकवलं होतं, त्यामुळे फिरकी कुठली फिरवायची ते माहीत होतं. आधी सगळं धूसर. मग एकदम स्वच्छ झालं, आणि मी ओरडलेच.

"मंदा! अवं ये इकडे! पोहून राहिले ना हे!"

सगळे. नारिंगी झालेले, फुगलेले, थोडे आळसटल्यासारखे, पण पोहत होते. मंदानं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिनं मला अशी मिठी मारली की माझा डोळा सूक्ष्मदर्शकावर आपटला.

सर आले. स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ डोळा वर केला नाही. आम्ही दोघी मागे उभ्या. शेवटी ते बोलले, ते जणू स्वतःशीच.

"शिरोड्याची मिठागरं. लहानपणी मामाकडे जायचो. मीठ धरायच्या आधी वाफ्यांतलं पाणी तांबूस व्हायचं. आम्ही त्यात पाय घालून बसायचो. मी त्या पाण्यात पाय घालून बसलोय, रामटेकेबाई, आणि मला ते काय होतं हे आत्ता कळतंय." मग ते उठले. "चहा सांगा. नाही, थांबा, मीच सांगून येतो."

सरांनी सांगितलं ते असं: पाण्यातलं मीठ दाट झालं आणि ऊन सोसवेनासं झालं की हे जीव अंगात नारिंगी रंग साठवतात. गाजरात असतो त्याच जातीचा. तो रंग जास्तीचा उजेड स्वतः झेलतो आणि आतलं हिरवं वाचवतो. सर म्हणाले, हे त्यांनी कधीतरी वाचलेलं होतं. पण डोळ्यांसमोर आल्यावर ओळखलं नाही. मी पाणी भरलं असतं, तर हे घडलंच नसतं. ही कबुली मी त्याच वेळी दिली. सर म्हणाले, "वहीत लिहा. पाणी किती दिवस भरलं नाही, तेही लिहा."

त्याच वेळी मला एक गोष्ट आठवली आणि ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, आज सांगते. आदल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या तीन नळ्या अशाच पिवळट तांबूस झाल्या होत्या. त्या मी वास न घेता, घाईनं, बस चुकू नये म्हणून, मोरीत ओतल्या होत्या. मंदाचं एक वर्ष मी त्या मोरीत ओतलं असेल. नसेलही. कळायला मार्ग नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात राऊतकाका आले. पोरीला घेऊन जायलाच आले होते, तिच्या सामानासाठी पिशवी हातात होती. धोतर, टोपी, चेहरा कडक. मंदानं त्यांना काही न बोलता गच्चीवर नेलं. मी गोणपाट भिजवत होते.

"हे काय वं? संत्र्याचा रस काढून ठेवला का?"

"नाही बाबा. हे जित्ते हाये. हिरवे होते, उन्हानं असे झाले."

काका खाली वाकले. मंदा भराभरा सांगत गेली, किरण, रंग, पेशी. निम्मं त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं हे मला दिसत होतं. मध्येच त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"थांब. आपल्या बागेत मावळतीकडचं फळ उन्हानं करपते. हो का नाही? आन लहान झाडाच्या बुंध्याले आपन चुना लावतो. काहून लावतो?"

"ऊन लागू नये म्हणून."

"मंग!" काकांनी चंबूकडे बोट दाखवलं. "यायले चुना लावाले कोनी नव्हतं. यायनं सोताच लावून घेतला."

मंदाही चंबूकडे वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "बाबा, हे मी माझ्या प्रबंधात लिहू?"

"लिही. पन माहं नाव नको टाकू, लोकं हासतीन." ते उठले, धोतर झटकलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, अजून किती दिवस लागतीन हिले?"

मी म्हटलं, "दोन उन्हाळे तरी."

काकांनी संत्र्याच्या हंगामांत, म्हणजे बहारांत, हिशोब केला. "दोन बहार धरतो म्हना मंग," ते म्हणाले. स्थळाकडच्यांना त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक. जाताना पिशवी रिकामीच घेऊन गेले.

ते दोन उन्हाळे माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे. लकडगंजच्या एका सुतारानं आम्हाला गच्चीवर नळ्या मांडायला सागाच्या घडवंच्या करून दिल्या. त्या कशासाठी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यानं पायांना नक्षी काढून दिली. घडवंच्यांवर हिरव्या आणि नारिंगी, काचेतल्या आणि स्फटिकातल्या, अशा नळ्यांच्या ओळी. दुपारी बारा ते दोन मी आणि मंदा ओले पंचे डोक्यावर घेऊन आळीपाळीनं वर जायचो. मंदाला हवं होतं तसं सगळंच निघालं नाही. नारिंगी जीव भर उन्हात हिरव्यांपेक्षा कितीतरी टिकले, हे खरं. पण उन्हातला तो सगळ्यात जहाल भाग, स्फटिकातून आत येणारा, त्यापुढे रंगाचा फारसा उपयोग झाला नाही. नारिंगी असो की हिरवे, ते थकलेच. मंदा हिरमुसली. सर म्हणाले, "चुना लावला म्हणून झाड अमर होत नाही. जे दिसलं तेच लिहायचं." तिनं तेच लिहिलं. वर्षानुवर्षं टिकलं ते तेच, असं ती अजून म्हणते.

तिच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मोठ्या संस्थेतले. उंच, टक्कल, प्रश्न विचारताना चष्मा पुसायची सवय. आम्ही दाराबाहेर उभे होतो, मी आणि राऊतकाका. काकांना आतलं इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून ते माझा चेहरा वाचत होते. मला निम्मं कळत होतं. एका प्रश्नावर मंदा अडखळली. परीक्षक विचारत होते: रंग गेला होता, मूळ विरजण मेलं होतं, तुमच्या मार्गदर्शकांनी ओतून टाका म्हटलं होतं, मग तरीही तुम्ही का तपासलं?

मंदानं मराठीत उत्तर दिलं. "मी नाही तपासलं, सर. आमच्या रामटेकेताईंनी वास घेतला."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार उघडून परीक्षक बाहेर आले. "रामटेकेताई कोण?"

काकांनी मला पुढे ढकललं. "ह्या ना. ह्या."

त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि म्हणाले, "मला दाखवा." मी एक मुद्दाम मरू दिलेली बाटली आणि एक नारिंगी चंबू शेजारी ठेवले. परीक्षक साहेबांनी कोट सावरला, डोळे मिटले, पहिलं हुंगलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. आणि रुमाल नाकाला लावून म्हणाले, "हे आमच्याकडे कुणी करत नाही." मागून सर हसू दाबत होते. मंदाला पदवी मिळाली हे त्या संध्याकाळी कळलं, आणि काकांनी प्रयोगशाळेत येऊन शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना वाकून नमस्कार केला. आम्ही त्यांना थांबवता थांबवता दमलो.

जाताना परीक्षकांनी त्या नारिंगी शेवाळाची एक नळी मागून घेतली. मी ती कापसात गुंडाळून दिली. त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

चार-पाच महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. सरांनी वाचलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मजकूर असा होता: नळी सुखरूप पोचली, शेवाळ छान वाढतंय, पण आमच्याकडे ते हिरवंच राहतं. दोनदा तांबूस होऊ लागलं असं वाटलं, पण तेव्हा मदतनिसानं खराब झालं समजून टाकून दिलं. आपली पद्धत कृपया सविस्तर कळवावी.

"उत्तर तुम्ही लिहा," सर म्हणाले.

"मी? सर, मला इंग्रजी..."

"मराठीत लिहा. ते कारवारचे आहेत, वाचतील."

मी घरी आले. यजमान ड्यूटीवरून आले होते, त्यांनी चहा केला आणि समोर बसले. मी तीन कागद फाडले, चौथ्यावर लिहिलं. चंबू उघड्यावर ठेवावा, सावली करू नये. भोवती गोणपाट सतत ओलं ठेवावं, नाहीतर पाणी फार तापतं. वाफ होऊन पाणी उतरेल, ते उतरू द्यावं, वरून भरू नये. नऊ-दहा दिवस लागतात. मग पेन थांबलं. यजमान म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "एक राहिलं," आणि मोरीत ओतलेल्या त्या तीन नळ्या आठवून शेवटची ओळ लिहिली:

"रंग बदलला की मदतनिसाला आधी वास घ्यायला सांगावे. तो घेईपर्यंत कृपया काहीही ओतून देऊ नये. आपली, सुमन रामटेके."